आधी पोट उघडायचं

आईने खाणं टाकलं तेव्हा ऑगस्ट संपत आला होता आणि खाडीत बर्फाचा एक तुकडा नव्हता.

टाकलं म्हणजे ताट सरकवलं असं नाही. घास तोंडात घ्यायची, बराच वेळ चघळायची आणि हळूच बोटांनी काढून उशीखाली ठेवायची. उशी उचलली की खाली डब्यातल्या मांसाचे, बटाट्याचे, शेवयांचे वाळलेले गोळे.

"पोरी, हे काय?" मी विचारायचे.

"माझं नाही ते, आई. कुणीतरी ठेवून गेलं."

ती मला आई म्हणते. माझं नाव इवालु, आणि इवालु हे तिच्या आईचं नाव. आजी गेली त्याच हिवाळ्यात मी जन्मले. नाव माझ्याकडे आलं आणि नावाबरोबर नातंही आलं. म्हणून मी पाळण्यात होते तेव्हापासून माझी आई मला आई म्हणते आणि मी तिला पोरी. माझा थोरला भाऊ पॉलुसी, गुडघे गेलेला, केस पिकलेला बाप्या, मला आजी म्हणतो. काही मागायचं असलं की जरा जास्तच लाडाने म्हणतो. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दर उन्हाळ्यात बाहेरून अभ्यासाला येऊन आमच्याच घरी उतरणाऱ्या ब्रिजिटला मात्र सांगावं लागलं. पहिल्या उन्हाळ्यात तिला वाटलं होतं या घरात सगळ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दवाखान्यातली नर्स नवी होती. आमच्याकडे नर्स नेहमी नवीच असते. नाव पाठ होईपर्यंत तिची बदली होते. तिने आईला काट्यावर उभं केलं, हाडं चाचपली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाली, गुरुवारच्या विमानापर्यंत पोटात काही टिकलं नाही तर दक्षिणेतल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. तिथे नाकातून नळी घालून अन्न देतात.

"ती नळी उपटून टाकेल," मी म्हटलं.

"मग हात बांधतात," नर्स म्हणाली. वाईट नव्हती पोरगी. खरं ते सांगितलं तिने.

आई एकदा गेली होती दक्षिणेला. लहान होती, छातीचा रोग झाला म्हणून जहाजाने नेली. परत आली तेव्हा तिला आमची भाषा येत नव्हती. स्वतःच्या आईशी बोलता येत नव्हतं तिला. मग आजीने तिला परत पहिल्यापासून बोलायला शिकवलं, आणि शिकवलं ते खायला घालत घालत. सील मारलं की आजी तिला जवळ बसवायची आणि आधी पोट उघडायची. हे बघ, हा मासा, याचं नाव हे. हा किडा, याचं नाव हे. सील हे खातं, आपण सील खातो. याने काय खाल्लं ते बघ, मग तू काय खातेस ते तुला कळेल. माझ्या आईची सगळी भाषा अशी प्राण्यांच्या पोटातून आलेली आहे. पुढे तिने आम्हालाही तेच लावलं. पोट उघडून पाहिल्याशिवाय आमच्या घरात घास तोंडात जात नसे. आता ती बाकी सगळं विसरली. माझा नवरा मेला हे विसरली, पॉलुसीला सून आहे हे विसरली. एवढं मात्र राहिलं.

आणि तिला हवं होतं एकच. वॉलरसच्या पोटातल्या शिंपल्या.

"तू आणायचीस त्या, आई," ती म्हणायची. "आंबट. गार. चरबीत बुडवून."

वॉलरस समुद्राच्या तळाशी जातो, शिंपल्यातलं मांस ओठांनी ओढून घेतो आणि कवच तिथेच थुंकून टाकतो. पोट उघडलं की आत नुसतं स्वच्छ मांस, जरासं आंबलेलं, सोलायचेही कष्ट नाहीत. आमच्यात यासारखं गोड काही नाही. गोऱ्या लोकांची हे ऐकून तोंडं वाकडी होतात. होऊ देत. ते दुसऱ्याचं दूध नासवतात, त्याला निळी बुरशी आणतात आणि पाहुण्यांसमोर त्याची फुशारकी मारत खातात.

पण वॉलरस कुठून आणणार? माझ्या लहानपणी उन्हाळाभर खाडीत बर्फाचे तराफे असायचे आणि त्यांच्यावर वॉलरस पडलेले असायचे, दारात कुत्री पडावीत तसे. माणसं सकाळचा चहा पिऊन निघायची आणि जेवायला परत यायची. आता बर्फ जूनमध्येच जातो. वॉलरसला बसायला काही उरत नाही, म्हणून ते लांबच्या एका खडकाळ बेटावर जाऊन एकमेकांच्या अंगावर चढून बसतात. एवढी तोंडं एका जागी. बेटाच्या आसपासचा तळ खरवडून खरवडून रिकामा. आणि आम्ही उघड्या समुद्रात, लाटांत, पेट्रोल जाळत तिथवर जायचं. जाऊन परत येईपर्यंत माणूस अर्धा होतो. म्हणून त्या उन्हाळ्यात कुणी गेलंच नव्हतं.

ब्रिजिटलाही वॉलरसच हवा होता. ती कित्येक उन्हाळे येतेय. बर्फ कमी झाल्यावर अस्वल काय खातं, वॉलरस काय खातो, नव्याने वर यायला लागलेले काळे-पांढरे शिकारी देवमासे काय खातात, हे तिचं काम. त्यात माझं काम म्हणजे शिकाऱ्यांकडून नमुने गोळा करायचे. चरबीचा तुकडा, मिशीचा केस आणि पोट. पोट दोन्ही टोकांना बांधलेलं, न उघडलेलं.

हे न उघडलेलं प्रकरण तिने गावाच्या बैठकीत मांडलं तेव्हा मोठी गंमत झाली होती. शिकारी किनाऱ्यावरच पोट फाडतात, आतलं काय ते बघतात आणि शिंपल्या निघाल्या की तिथेच उभ्या उभ्या खातात. शास्त्रासाठी उरतं काय, तर रिकामी पिशवी. ब्रिजिट उभी राहून म्हणाली, कृपया उघडू नका.  मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे मारायचं आम्ही, ओढायचं आम्ही, आणि गोडधोड ही घेऊन जाणार?"

पॉलुसी म्हणाला, "तिला माझंही पोट बांधून हवं असेल. आत नुसता चहा आहे, बाई, लिहून घे."

लोक हसले आणि हो म्हणाले. पाहुणीला नाही म्हणणं आमच्या जिभेवर येत नाही. त्याची किंमत आम्ही शंभर ठिकाणी मोजली आहे, इथेही मोजली.

मला ब्रिजिटचा राग नव्हता. कामाचा होता. अस्वलाने सीलऐवजी अंडी खाल्ली तर बातमी होते. दक्षिणेतल्या शाळांतली मुलं त्या अस्वलाला पत्रं पाठवतात. माझ्या आईने काय खाल्लं हे विचारायला कुणी विमानात बसून आलं नाही. दुकानात जा, बघा काय ठेवलंय. मऊ पडलेली सफरचंदं, गोठून दगड झालेली कोंबडी, आणि शेवयांची पाकिटं छतापर्यंत. आम्हीही शिकार करून खाणारे प्राणीच आहोत, आमच्याही खाण्यात बदल झालाय. पण आमची मिशी उपटून तपासायला कुणी मागत नाही.

सोमवारी मी पॉलुसीच्या घरी गेले. तो पाय वर करून बसला होता.

"आजी आली. आता काहीतरी मागणार," तो म्हणाला.

"वॉलरस आण."

"दुकानात नाही मिळत का?"

"पॉलुसी, ती गुरुवारी जाईल. एकदा गेली की पेटीतून परत येईल."

तो उठला, गुडघा चोळला, मुलाला हाक मारली. तासाभरात होडी पाण्यात होती.

बुधवारी दुपारी ते आले. तोंडं मिठाने पांढरी, डोळे लाल. पॉलुसीला होडीतून दोघांनी धरून उतरवलं. आत एक मादी होती, तरुण, अंगाने बेताची. बेटावरचा सगळा कळप होडीचा आवाज ऐकून पाण्यात गेला, ही मागे राहिली.

"दात बघितलेस?" मी विचारलं.

"पांढरे आहेत, आजी. नखाएवढे तर आहेत. ही काय सील मारणार?"

काही वॉलरस सील खायला लागतात हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. ते थोराड नर असतात, कळपातून फुटलेले. त्यांचे दात चरबीने पिवळे पडतात, लांबूनच ओळखू येतात. त्यांचं मांस कच्चं कुणी खात नाही, कारण त्यात कीड असते आणि ती खाणाऱ्याच्या अंगात शिरून महिनोन् महिने छळते. पण मादी, तीही पोरवयाची? असं कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. मांस कापलं, घराघराला वाटे गेले, काही दगडांखाली मुरवायला वेगळं काढलं. लोकांचे चेहरे किती दिवसांनी सैल झाले होते. पोराटोरांनी सुद्धा कच्चे तुकडे तोंडात टाकले असते, पण आया म्हणाल्या, घरी चला, बसून खाऊ.

पोट मी बांधून घेतलं. दोन्ही टोकांना. जसं ठरलं होतं तसं.

घरी ब्रिजिट ओट्यापाशी चहा करत होती. माझ्या हातातलं पोट बघून तिने किटली खाली ठेवली. मला माहीत होतं तिला ते किती हवंय. तिचे पैसे देणारे लोक हे काम बंद करायला निघाले होते, आणि त्या उन्हाळ्यात तिच्याकडे वॉलरसचं एकही पोट नव्हतं. तीही वाळली होती. वर्षानुवर्षं मेलेल्या जनावरांच्या पोटात हात घालून तीच वाईट बातमी बाहेर काढायची आणि ती कुणी ऐकत नाही अशा ठिकाणी नेऊन वाचायची, याने माणूस काय टवटवीत राहणार?

मी म्हटलं, "ब्रिजिट, हे मी उघडणार. आतलं तिला भरवणार. उरलं तर तुझं."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पलंगावर पडलेल्या आईकडे. 

"अख्ख्या वर्षातलं एकच आहे, इवालु," ती म्हणाली.

"मलाही आई एकच आहे."

"हो." तिने डोळे चोळले. "मला आधी फोटो काढू दे. आणि मूठभर काढून ठेवू दे. मग वाढ."

मी तिच्या गळ्यातच पडले असते, पण तेवढी ताकद नव्हती. जमिनीवर खोक्याचा पुठ्ठा पसरला. आईला उचलून भिंतीला टेकवून बसवलं. ती किती हलकी लागली ते सांगत नाही. पॉलुसी आला, दारातच बसकण मारली. आईच्या नाकाला वास गेला आणि तिचे डोळे उघडले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा नीट बसली होती.

"आई, तू आणलंस," ती म्हणाली.

"आणलं, पोरी."

मी चरबीची वाटी तिच्यासमोर ठेवली, माझी गोल पात्याची सुरी घेतली आणि पोट उघडलं.

शिंपल्या नव्हत्या. एकही नव्हती. आत कातडं होतं. करड्या केसांचं, ठिपक्यांचं, लांब पट्ट्यांनी फाटलेलं. पांढऱ्या चरबीचे तुकडे. आणि एक पंजा, नखांसकट, लहान मुलाच्या हाताएवढा. सीलच्या पिल्लाचा.

 चुलीवर भांडं उकळत होतं, त्याचा आवाज तेवढा.

मी ब्रिजिटकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं. असं पोट तिला आयुष्यात परत मिळालं नसतं. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने मान खाली घातली. मी तिला दोष देत नाही. मलाही मासा गळाला लागला की आधी आनंद होतो, माशाचं काय ते मग.

"मी खाल्लंय," पॉलुसी दारातून म्हणाला. "होडीत. काळजाचा तुकडा. कच्चा."

"गाढवा."

"भूक लागली होती, आजी. आणि पोट बांधायचं होतं ना! उघडलं असतं तर दिसलं असतं." तो हसला, पण हसणं काही खरं नव्हतं. "आता माझंच बांधून दे हिला. आत सील खाणारा वॉलरस आहे म्हणावं."

ब्रिजिट पांढरी पडली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"तू मागितलंस आणि आम्ही हो म्हटलं," मी म्हटलं. "रडायचं असेल तर बाहेर जा. नाहीतर फोटो काढ, तुझं मूठभर वाटीत घे आणि झाकण ठेव."

तिने झाकण ठेवलं. मी फोन उचलला आणि गावच्या रेडिओवर लावला. आमच्याकडे सगळं रेडिओवर सांगतात. हरवलेली चावी, बाळंतपण, मरण. मी म्हटलं, इवालु बोलतेय. आज वाटलेलं वॉलरसचं मांस कच्चं खाऊ नका. पोट उघडलं, आत सील निघालं. हो, मादीच होती. हो, दात पांढरे होते. दगडाखाली पुरलं असेल तर काढा, मुरवू नका. नीट शिजवा, नाहीतर कुत्र्यांनाही घालू नका. ज्यांनी खाल्लं असेल त्यांनी दवाखान्यात जाऊन गोळ्या घ्या. एवढं बोलून फोन ठेवला. खिडकीतून दिसत होतं, एकेका घराचं दार उघडत होतं, माणसं हातात परात घेऊन पायरीवर उभी राहत होती आणि एकमेकांकडे बघत होती. ओरडलं कुणी नाही. कुणी ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मुरवण्याचं मांस म्हणजे आमचा हिवाळा, आणि लोक त्याच्याकडे असे बघत होते की जणू दुकानातलं दूध नासलंय.

पॉलुसीला मी दवाखान्यात पिटाळलं. तो लंगडत गेला.

मागे वळले तर आई पुठ्ठ्यावर वाकली होती. तिने तो पंजा उचलला होता. नखावरून अंगठा फिरवत होती. मी धावले.

"पोरी, ते खायचं नाही."

"मी खात नाहीये. बघतेय." तिचा आवाज एकदम स्वच्छ होता. "हिने सील खाल्लं?"

"हो."

"मादीने?"

"हो."

"हिच्या आईने हिला शिकवलं नाही?"

"शिकवलं असेल गं. तळाला काही उरलं नसेल."

तिने पंजा परत ठेवला, होता तिथेच, तसाच. मग त्या फाटलेल्या कातड्याकडे बघत राहिली.

"हिचे दात यासाठी नाहीत," ती म्हणाली. "हिला चावता येत नाही. ओढून ओढून फाडलंय बघ. किती दमली असेल."

 मला बसावंसं वाटलं, म्हणून तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. ब्रिजिट ओट्यापाशी उभी. फोटो काढून झाला होता, वाटी भरून झाली होती, पण ती काही हलत नव्हती. पुढे हिवाळ्यात तिने या मादीबद्दल लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. त्यात एक शब्द होता: जुळवून घेतलं. मी तिला म्हटलं, तो शब्द काढ. पिल्लू ओढून ओढून फाडावं लागलं, असं लिही. तिने दोन्ही ठेवलं.

पण ते नंतर. त्या दिवशी आईने हात पुसले आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

"काय देऊ? शिंपल्या नाहीत, पोरी."

"दिसलं मला. जे आहे ते दे."

चुलीवर दुकानातली कोंबडी होती. सकाळपासून उकळत ठेवलेली, मलाच खायला म्हणून. मी वाटीत रस्सा घेतला, मांस बोटांनी बारीक केलं आणि तिच्या तोंडात घातलं. ती चघळत राहिली. मी तिच्या हाताकडे बघत होते. बोटं आता वर जातील, आता जातील. बोटं मांडीवरच राहिली. गळ्याची कातडी हलली. घास खाली गेला.

दुसरा घास दिला. तोही गेला. तोंड मात्र तिने असं केलं होतं की जणू औषध पितेय. गुरुवारचं विमान आता हिच्याशिवाय जाणार, हे मला कळत होतं, आणि मला आनंद व्हायला हवा होता. तो आला नाही. मी नुसती भरवत राहिले.

मधेच ती थांबली. "हे काय आहे?"

"कोंबडी."

"पक्षी?"

"पक्षी."

"हिच्या पोटात काय होतं?"

"पोट नसतं, पोरी. काढूनच येते."

तिने वाटीत डोकावून पाहिलं, जणू मी लपवतेय. "मग ही काय खाते?"

मी ब्रिजिटकडे पाहिलं. ती म्हणाली, "मका, बहुतेक. मलाही नक्की माहीत नाही."

"मका म्हणजे?" आईने मला विचारलं, ब्रिजिटला नाही.

मी मका डब्यातला पाहिलाय. उभा असलेला कधी पाहिला नाही. कोंबडीही पिसांसकट कधी पाहिली नाही. लहानपणी आईने मला जे जे विचारलं, त्याचं उत्तर मी पोट उघडून देऊ शकत होते.

"मला माहीत नाही, पोरी," मी म्हटलं.

"तू आई आहेस आणि तुला माहीत नाही?"

"नाही."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. रागाने नाही. मग तिने तोंड उघडलं आणि पुढच्या घासाची वाट बघत बसली.